झोपलेल्या बाळाला उठवणारी

तिचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा, गजराशिवाय. आमच्या घरात गजराचं घड्याळ नव्हतंच. ती आपसूक उठायची, अंधारात चपला चाचपायची आणि शेगडीवर चहाचं भांडं असं ठेवायची, की भांड्याला भांडं लागायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत पडलेला असायचो, जागाच. चाळीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर पहाटेची झोप कुठली? पण मी जागा आहे हे तिला कधी कळू दिलं नाही. इतकं जपून काम करणारं माणूस बघायला बरं वाटतं.

ही माझी सून. बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला. मीही तिथलाच; भट्टीत वाळू, सोडा आणि फुटकी काच सोडायचं काम मी केलं. मुलगा साच्याच्या यंत्रावर, कायम रात्रपाळी. घरापासून कारखाना पाऊण तासाची चाल. ती रोज चालत जायची, कारण पगारातून स्कूटरसाठी साठवत होती आणि तोवर दुसऱ्या कशावर खर्च करायचा नाही असं तिने ठरवलं होतं. सकाळी सहाला मुलगा फाटकातून बाहेर पडायचा आणि ती आत शिरायची. "आमचा संसार फाटकात चालतो," असं ती हसून सांगायची. त्या दोन मिनिटांत निरोप, छत्री आणि भांडण सगळं उरकायचं.

तपासणीचं काम लोकांना हलकं वाटतं, कारण ते बसून करायचं असतं. मलाही वाटायचं. एकदा माझी पाळी संपल्यावर तिच्या स्टुलावर बसून पाहिलं. समोर पांढऱ्या उजेडाची काच, तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत असतात. केसाएवढी चीर, राईएवढा बुडबुडा, मानेला आलेला बाक दिसला की बाटली उचलून टोपलीत टाकायची. पाच मिनिटांत मला सगळ्या बाटल्या सारख्या दिसायला लागल्या. चार खराब बाटल्या मी सोडल्या. चारही तिने माझ्या खांद्यावरून हात घालून उचलल्या.

"बाबा, तुम्ही आपली भट्टीच सांभाळा," म्हणाली.

तिथला नियम असा, की वीस मिनिटं बघायचं, मग उठून दहा मिनिटं खोकी बांधायची. सतत तेच बघून डोळा बोथट होतो. चीर समोर असते, पण कळत नाही. परत बसताना ती आणखी एक गोष्ट करायची. डोळे घट्ट मिटून दहापर्यंत मोजायची आणि मग एकदम उघडायची. बाकीच्या बायका तिची टिंगल करायच्या. पण तिच्या पट्ट्यावरून गेलेली बाटली गिऱ्हाइकाकडून कधी परत आली नाही. कारखान्यात तिला घार म्हणत.

आता घराचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

आमच्या घरात एकच कडक नियम होता. झोपलेल्याला उठवायचं नाही. नियम माझा. घरातला कोणी ना कोणी कुठल्या तरी पाळीला, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी कोणीतरी झोपलेलं. झोप मोडलेला माणूस भट्टीपुढे उभा राहिला की काय होतं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून दारावरची घंटा मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच काढून टाकली. खुर्च्यांच्या पायांना रबर लावलं. कडीला चिंधी बांधली. आतल्या खोलीला शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेली एक बारकी खिडकी होती, तिच्या काचांना मी स्वतः काळा रंग दिला, दोन हात, आणि आत मिणमिणता पिवळा बल्ब लावला. "आमच्या घराला आग लागली तरी हे आधी कुजबुजतील," असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

त्या खोलीत नातू आला.

तो तीन आठवडे आधीच आला. अंगाने जरा बारका होता, पण बाकी ठीक, म्हणून दोन दिवसांनी घरी सोडलं. आठवड्याने दाखवायला आणा आणि मध्ये काही वाटलं तर लगेच या, असं सांगितलं होतं. घरी आल्यावर बाळ झोपलं. आणि झोपतच राहिलं. बाप दिवसा झोपायचा, त्याच्या शेजारी हाही. रडणं नाही, हातपाय झाडणं नाही.

"काय गुणी पोर आहे!" बायको शेजारणीला सांगत होती. "पाळीवाल्यांच्या घरात जन्मलंय, त्याला सगळं ठाऊक आहे."

दोन खोल्यांच्या घरात काय ऐकू येत नाही? जन्मापासून चौथ्या दिवशी सकाळी आतून सुनेचा आवाज आला. "आई, हा पीतच नाही हो. दोनदा ओढतो आणि झोपतो. माझी छाती दगड झालीय."

"भूक लागली की उठेल आपला आपण. झोपलेलं पोर उठवू नये." मग माझी बायको दाराशी आली. "हो की नाही हो?"

मी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि म्हणालो, "झोपू दे त्याला. झोपेत अंग भरतं."

हे वाक्य माझं. ते मी लपवत नाही.

सुनेचं समाधान झालं नव्हतं. दुपारी साडेबाराला ती बाळाला उचलून मागच्या दाराने बाहेर गेली. तिथे आमची कपडे वाळत घालायची जागा होती. दोरीवरची पांढरी चादर तिने ओढून घेतली, बाकावर अंथरली, बाळाला उघडं करून तिच्यावर ठेवलं आणि सावलीत सरकून डोळे मिटून उभी राहिली. ओठ हलत होते. ती मोजत होती. मग तिने डोळे उघडले, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, इकडे या."

"गार लागेल त्याला."

"या हो तुम्ही आधी. इथे उभे राहा. डोळे मिटा."

"आता हे काय नवीन?"

"मिटा म्हणते ना. दहा मोजा. आता उघडा. आधी चादरीकडे बघा, मग त्याच्याकडे."

बघितलं. चादर पांढरी होती आणि पोर पिकल्या लिंबासारखं पिवळं. तिने अंगठ्याने त्याचं कपाळ दाबून सोडलं. क्षणभर तिथे पिवळा ठसा राहिला. मग छाती दाबली, पोट, मांडी. शेवटी तळपाय. तळपायसुद्धा तसाच.

"दोन दिवस आपण ह्याला त्या बल्बखाली बघतोय," ती म्हणाली. "त्या बल्बखाली कोणीही पिवळंच दिसतं. म्हणून कुणाच्याच लक्षात आलं नाही." तिने बोटाने तळपायावर टिचकी मारली. एकदा मारली, दोनदा मारली. बाळाने पाय किंचित ओढला, पण डोळे उघडले नाहीत. "आणि हा झोपलेला नाहीये, बाबा. ह्याला उठताच येत नाहीये."

मी बाळाला चादरीसकट उचलून घेतलं. ती मात्र तोवर घरात गेली होती. शेल्फावरचं ताट उचलून तिने आतल्या खोलीच्या दारावर दणादणा वाजवलं. "ऊठ! ऊठ लवकर! दवाखान्यात जायचंय!" इतक्या वर्षांत त्या घरात झोपलेल्या माणसाला कोणी हाक मारली नव्हती. शेजारीण धावत आली. तिला वाटलं, आमच्यातलं कोणीतरी गेलं.

रिक्षा करून निघालो. दवाखान्यात टाचेतून रक्त घेतलं आणि तासाभरात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कावीळ. आकडा एकोणीस.

"नवजात बाळांना थोडी कावीळ होतेच," त्या म्हणाल्या, "पण ही थोडी नाही. आणखी वाढली तर मेंदूला धोका असतो. निळ्या दिव्याखाली ठेवू. दिवा रक्तातला पिवळेपणा फोडतो, पण तो अंगाबाहेर पडायला शी-शू व्हायला हवी, आणि त्यासाठी पोटात दूध जायला हवं. दर दोन तासांनी पाजायचं. आकडा उतरला नाही तर त्याचं रक्त बदलावं लागेल."

"तो पीत नाही," सून म्हणाली.

"कावीळ झालेलं पोर सुस्त असतं. सुस्त असतं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून कावीळ वाढते. हा फेरा तुम्हालाच तोडायचाय. सिस्टर दाखवतील."

सिस्टर म्हणजे एक आडव्या बांध्याची, जाड आवाजाची बाई. माझी बायको पिशवीतून साखरपाण्याची बाटली काढत होती, तेवढ्यात ती आली. "आजीबाई, ते तुम्ही प्या. तुमचाच चेहरा उतरलाय. ह्याचं पोट पाण्याने भरलं तर दुधाला जागा कुठे राहणार?" मग सुनेकडे वळली. "काय काम करतेस?"

"बाटल्या तपासते."

"मग बसायची सवय आहे. चल, बस."

पडदा ओढला गेला. मी सासरा, पडद्याबाहेरच्या बाकावर बसलो. आतलं मला ऐकू येत होतं, बाकीचं बायकोने सांगितलं.

काम असं होतं. बाळाला दिव्याखालून काढायचं, डोळ्यांवरची पट्टी सोडायची. अंगावर कपडा ठेवायचा नाही, कारण ऊब लागली की झोप लागते. पाठ चोळायची, ओल्या बोळ्याने तळपाय पुसायचे. तोंड उघडलं की छातीशी धरायचं. दोनदा ओढून जबडा थांबला की हाताने छाती दाबायची, म्हणजे दुधाची धार तोंडात जाते आणि त्याला गिळावंच लागतं. परत थांबला की परत पाठ चोळायची. मग दुसरी बाजू. अर्ध्या तासाच्या वर दिव्याबाहेर ठेवायचं नाही. त्याला परत ठेवलं की हाताने दूध पिळून स्टीलच्या वाटीत काढायचं आणि ते पुढच्या खेपेला चमच्याने ओठाच्या कडेतून, थेंब थेंब. पहिल्यांदा वाटीचा तळही नीट भिजला नाही.

"एवढंच?" सून म्हणाली.

"एवढंच पुष्कळ आहे," सिस्टर म्हणाली. "त्याचं पोट एवढंसंच आहे. सांडू नकोस म्हणजे झालं."

हिशेब केला तर दोन तासांच्या फेऱ्यात तिला पाठ टेकायला पाऊण तास मिळत होता. टाके ताजे, बसायला लाकडी स्टूल. भट्टीवर आमचं काम जड होतं, पण आठ तासांनी दुसरा माणूस सोडवायला यायचा. हिला सोडवणारं कोणी नव्हतं. बायको वाटी-चमचा उकळून आणायची. मुलगा रक्ताच्या सोयीला गेला, लागलंच तर असावं म्हणून. मी विचारलं, मी काय करू?

"तुमच्याकडे घड्याळ आहे ना?" पडद्याआडून सून म्हणाली. "मग उठवायचं काम तुमचं. मी बसल्या जागी झोपेन, मला माहीत आहे. दोन तास झाले की हाक मारायची. जोरात."

पहिल्या वेळी दोन वाजता तिने पाजलं. चारला मी हाक मारली. सहाला पडद्याच्या फटीतून तिचं डोकं भिंतीला टेकलेलं दिसलं. तोंड उघडं, हात मांडीवर पडलेले. चार दिवसांपूर्वी बाळंत झालेलं माणूस. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, दहा मिनिटं झोपू दे. दहाची वीस झाली. वीसची पंचवीस झाल्यावर तीच दचकून उठली.

"बाबा, किती वाजले?"

मी सांगितलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "भट्टीत माल सोडायला पंचवीस मिनिटं उशीर केला असतात तुम्ही?"

"नाही."

"का?"

"भट्टी बसते."

"मग?"

मी कानाला खडा लावला. त्यानंतर मी मिनिट चुकवलं नाही, आणि हाक अशी मारली की सिस्टर म्हणाली, "आजोबा, हा दवाखाना आहे, फलाट नाही."

रात्री आठला परत रक्त तपासलं. साडेएकोणीस. वाढला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाढायचा वेग कमी झालाय, पण मी धोका पत्करणार नाही. सकाळी सहाला शेवटचं बघू. तेव्हाही चढता असला तर रक्त बदलायचं." माझ्या पंचवीस मिनिटांमुळे वाढला का, हे मी त्यांना विचारलं नाही. सुनेनेही ते कधी काढलं नाही. तिने फक्त विचारलं, "सहापर्यंत किती वेळा पाजता येईल?"

"पाच वेळा."

"सहा बसवते," ती म्हणाली.

आणि बसवल्या. रात्रीचं मी लांबवत नाही. माझ्याकडे घड्याळ होतं आणि तिच्याकडे सगळं काम. दर फेरीला पडद्याआडून त्याच त्याच गोष्टी ऐकू यायच्या. बोळा पिळल्याचं पाणी, पाठीवर हात फिरल्याचा आवाज आणि तिचं बोलणं. ती त्याच्याशी लाडाचं काही बोलत नव्हती. "चल. ओढ. झोपू नकोस. अजून एक. हं, गिळलंस. अजून एक." कारखान्यात नव्या माणसाला काम शिकवताना असंच बोलतात. एकदा ती हसली. "आई, हा माझ्याकडे रागाने बघतोय."

"बघू दे," बायको म्हणाली. "डोळे तर उघडले!"

पहाटे आधी एक ओलं दुपटं बाहेर आलं. मग दुसरं. मग बायको एक दुपटं उलगडून मला दाखवायला आली, जणू बक्षीस मिळालंय. आदल्या दिवसापर्यंत काळी चिकट होती ती शी आता हिरवट पिवळी झाली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला इतक्या आनंदाने दुसरं काही दाखवल्याचं आठवत नाही.

सहाची वेळ व्हायला पंचवीस मिनिटं होती. मी घड्याळ तळहातात धरून बसलो होतो. मुलगा माझ्या शेजारी, डोळे लाल. तेवढ्यात आतून एक आवाज आला. आधी कुरकुर, मग खरखर, मग चक्क ओरडा. बारीक, पण चिडलेला. त्या पोराचा खरा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो भुकेने रडत होता. मी कोणाला उठवलं नव्हतं. त्यानेच सगळा वॉर्ड उठवला.

"आले रे आले!" सुनेचा आवाज. आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, नुसतं गिळण्याचं. एकसारखं, न थांबता, यंत्र लयीला लागल्यासारखं. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मीही घड्याळाकडेच बघत राहिलो, जरी मला काटे दिसत नव्हते.

सहाचा आकडा सतरा आला. उतरला. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तेरा. सिस्टर सुनेला म्हणाली, "बाटलीवाले, आता झोप. आता तो तुला उठवेल." सून पाय वर न घेता तशीच खाटेवर आडवी झाली आणि त्याने पुढच्या वेळी ओरडा केला तेव्हाच उठली.

चार दिवसांनी आम्ही घरी आलो. दारात पाऊल टाकल्याबरोबर मुलाने ब्लेड घेतलं आणि खिडकीवरचा काळा रंग खरवडायला बसला. मी त्याच्या शेजारी बसून दुसरी काच खरवडली. पिवळा बल्ब मी काढला. दारावर घंटा मात्र अजून नाही. ती नको, असं सूनच म्हणाली. "गुणी" हा शब्द माझ्या बायकोने त्या पोराबद्दल परत काढला नाही. रात्री तीनला त्याने घर डोक्यावर घेतलं की ती अंधारातून म्हणायची, "ओरड बाबा, ओरड."

सुट्टी संपल्यावर घार परत पट्ट्यावर बसली. तिच्या वीस मिनिटांनंतरची दहा मिनिटं आणि चहाची दहा जोडून ती प्रथमोपचाराच्या खोलीत जायची, दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायची आणि कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये ठेवायची. मुकादम एकदा म्हणाला, "काय गं, आज वीस मिनिटं कुठे उडाली होतीस?"

"पट्टा बघा," ती म्हणाली. "सुटलेली बाटली दाखवा, मग बोला."

त्याने दिवसभर बघितलं. नाही मिळाली. हे मला त्यानेच सांगितलं.

खरवडलेल्या खिडकीतून शेजारची भिंत दिसायची, उजेड जेमतेम.  नातू चालायला लागला, बोलायला लागला, तरी ती चालतच कामाला जात होती. स्कूटरचे पैसे पुरे झाले तेव्हा मुलगा म्हणाला, "चल, दुकानात जाऊ." ती म्हणाली, "गवंड्याकडे जाऊ."

मागच्या अंगाची भिंत फोडून तिने आतल्या खोलीला मोठी खिडकी काढायला लावली. मुलगा म्हणाला, "आणि दिवसा मी झोपू कसा?"

"जाड पडदा लाव. पडदा सरकवता येतो. रंग सरकवता येत नाही."

"तीन वर्षं पायपीट केली," माझी बायको म्हणाली, "आणि पोरीने घेतलं काय, तर भिंतीला भोक."

काचवाला काच घेऊन आला. सुनेने पहिली काच उजेडाकडे धरली आणि बाजूला ठेवली. कोपऱ्यात बुडबुडा होता. दुसरीत लाट होती. काचवाला म्हणाला, "बाई, घराची खिडकी आहे, चष्मा नाही." ती म्हणाली, "दुसरी आणा." तो पुटपुटत गेला आणि तासाभराने तिसरी घेऊन आला. तिने ती दोन्ही हातांनी उचलून आभाळाकडे धरली, डोळे मिटले, दहापर्यंत मोजले आणि उघडले.

"ही बसवा," म्हणाली.